करोडगिरीच्या नाक्यावरची कॉफी

वाशी, जि. उस्मानाबाद
ता. १४ डिसेंबर १९४५

मोंबासाचे राजश्री मल्लिनाथ दाजी यांस, वाशीहून मेहुणा शिवशरण याचा शरणार्थ.

आपले कॉफीचे पार्सल पोचले. आत पत्र नव्हते. गेल्या खेपेसही नव्हते, म्हणून मी आता शोधत नाही. आमची अव्वा मात्र अजून लेकीसाठी सगळ्या बिया परातीत ओतते आणि बोटांनी चाळून पाहते. तिला वाटते, चिठ्ठी तळाशी गेली असेल.

वर इंग्रजी तारीख घातली आहे. इकडे कचेऱ्यांत फसली साल चालते, पण ते आपणांस इथे असतानाही उमगत नव्हते, तेव्हा आफ्रिकेत बसून उमगेल अशी आशा नाही.

लिहिण्यास कारण जकात. आजवर पाच रत्तलांच्या आतले पार्सल घरगुती भेट म्हणून मुंबईत सोडून देत. पुढे ते बार्शीच्या अडत्याकडे येई, आणि बार्शीहून वाशीस येताना निजामसरकारच्या हद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर अमीनसाहेब ते नुसते हातात घेऊन, "बहन के वास्ते है ना? जाओ" म्हणून माझ्याकडे देत. आता तसे राहिले नाही. लढाई संपली, पण लढाईच्या नावाने बसवलेला अधिभार संपला नाही. शिवाय नवा हुकूम असा की, समुद्रापलीकडून आलेली कॉफी मूठभर असली तरी ती माल समजावी. म्हणजे मुंबईस इंग्रजांची जकात, आणि ती जकात किमतीत मिळवून त्या वाढलेल्या किमतीवर नाक्यावर करोडगिरी. जकातीवर जकात. मोठ्या पेढ्यांस हे परवडते, कारण त्या शंभर पोत्यांवर पसरतात. आपल्या पाच रत्तलांवर काय पसरायचे?

दरही एक राहत नाही. दसऱ्यास एक होता, दिवाळीस दुसरा. भूमचे वकीलसाहेब, सडकेच्या कामावरचे मद्रासी इंजिनीयर आणि मठाचे स्वामीजी असे तीनच आमचे कॉफीचे गिऱ्हाईक. वकीलसाहेब परवा म्हणाले, "शिवशरण, तुझ्या कॉफीचा भाव विचारायला आता मलाच एक वकील लावावा लागेल."

आपल्या मातोश्री इरम्मा बेंबळीत सर्वांस सांगतात की, ही कॉफी आपण पत्नीच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, पोटासाठी पाठवता. आपण जाऊन सातवे वर्ष चालू आहे. तर पोटासाठी जे पाठवायचे ते मनीऑर्डरने पाठवावे, अशी विनंती आहे. मनीऑर्डरवर करोडगिरी नाही. ती दळावी लागत नाही, भाजावी लागत नाही, आणि तिला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

महानंदाताई बरी आहे. ज्वारीच्या सुगीला बेंबळीहून आपल्या मातोश्रींची गाडी येईल तेव्हा जाईल. ती गाडी मात्र आजवर एकदाही चुकलेली नाही.

उत्तराची वाट पाहण्याची आम्हांस सवय आहे.

शिवशरण


वाशी
ता. ३ मार्च १९४६

मल्लिनाथ दाजी यांस शिवशरणचा शरणार्थ.

आपले पत्र आणि आपली उशी, दोन्ही पोचले.

पत्राच्या अकरा ओळी आहेत. चार ओळी मोंबासाच्या हवेवर, एक स्वतःच्या पडशावर, आणि बाकीच्या मला शहाणपण शिकवण्यावर. मनीऑर्डरविषयी एक अक्षर नाही. 'नाकेवाले अडाणी असतात. कॉफी उशीत शिवून पाठवतो. उशीवर कोणी जकात मागत नाही. धंद्याला डोके लागते,' असे आपण लिहिले आहे. ते डोके त्या उशीवर टेकवून पाहिले असते तर बरे झाले असते. अमीनसाहेबांनी टेकवले.

झाले असे. बार्शीच्या अडत्याने उशी आपल्या नेहमीच्या बिराप्पा गाडीवानाबरोबर पाठवली. मी नाक्यावर थांबलो होतो. दुपारची वेळ होती. अमीनसाहेब बाजेवर आडवे होते. शिपायाने उशी नेऊन दिली तेव्हा ते उठलेसुद्धा नाहीत.

"मोंबासा से तकिया?" ते म्हणाले. "वहाँ तो सुना शेर रहते हैं. शेर कब से तकिये भरने लगे?"

आणि उशी मानेखाली घेऊन त्यांनी डोळे मिटले. लगेच उघडले.

"अरे, ये तो खडखड करता है! इसमें किसके दाँत भरे हैं?"

शिपायाने चाकूने टाके उसवले. वर बोटभर कापूस आणि खाली सगळ्या बिया. त्या बाजेवर सांडल्या, बाजेखाली सांडल्या, आणि नाक्यावर ज्यांच्या गाड्या थांबल्या होत्या ते सगळे लोक गोळा झाले. बिराप्पा मला म्हणाला, "शिवशरण, तुझं दाजी रोज असल्या उशीवर झोपत्यात व्हय रं? म्हनून तर एवढी अक्कल पक्की झालीया."

मी खाली बसून बिया वेचत होतो. अमीनसाहेबांनी सांगितले, हे काय आहे ते लिहून दे. माझे शिक्षण उर्दू चौथीपर्यंत झाले आहे, तेवढे पुरले. मी खरे तेच लिहिले की, पतीने पत्नीस पाठवलेली कॉफी. त्यांनी ते वाचले, मान हलवली, आणि दुप्पट करोडगिरी लावली. एक जकातीची आणि एक उशीची, असे म्हणाले. त्यांचा राग नव्हता. नाक्यावर इतकी करमणूक बरेच दिवसांत झाली नव्हती.

आता धंद्याचे. वकीलसाहेबांच्या गाळणीत कापूस निघाला. त्यांनी तो कागदात बांधून मला परत पाठवला. इंजिनीयरसाहेबांनी कॉफी बंद केली. स्वामीजी राहिले, पण ते फुकट घेतात. तुम्ही मोंबासाच्या गोदीत कॉफीच्या पेढीवर कारकून आहात, असे तुमच्या मातोश्री सांगतात. जगभर कॉफी पाठवणाऱ्या पेढीवर सात वर्षे बसलेल्या माणसास पाच रत्तल कॉफी धड पाठवता येऊ नये, याचे मला नवल वाटत नाही. पेढीचे वाटते.

ताई सध्या बेंबळीस आहे. सुगी चालू आहे. कापणीला सहा पात्या लावल्या आहेत, त्यांतली एक तुमच्या सहधर्मचारिणीची. तुमच्या मातोश्री बाजेवर बसून माप घेतात.

जाण्यापूर्वी ताईने त्या उशीची खोळ धुतली. कापड चांगले आहे. कोपऱ्यावर लाल दोऱ्याने फूल भरले आहे. टाका बाईमाणसाच्या हातचा आहे, असे ताई म्हणाली आणि खोळ दोरीवर वाळत घातली. तुम्हांस भरतकाम येत होते असे आम्हां कोणास आठवत नाही.

उत्तर पाठवावे. उशी पाठवू नये.

शिवशरण


वाशी
ता. २० मे १९४६

मल्लिनाथ दाजी यांस,

खोळीवरच्या फुलाविषयी तुम्ही काही लिहिले नाही. लिहिले असते तर खोटेच लिहिले असते, तेव्हा तेवढी शाई वाचली.

बार्शीच्या अडत्याचा भाचा मोंबासाहून परत आला आहे. तो तुमच्या पेढीशेजारच्या दुकानात होता. त्याने सांगितले की तुम्हांस तिथे घर आहे, घरात बाई आहे आणि चालता-बोलता मुलगा आहे. मुलाचे नाव मात्र त्याला ठाऊक नव्हते. ते कळवल्यास अव्वा कुंची शिवून पाठवील. लहान मुलाच्या कपड्यांवर जकात नाही, मी विचारून घेतले आहे.

आता स्पष्ट लिहितो. ईटचे बंडप्पा तेल-धान्याचा व्यापार करतात. बायको वारून तीन वर्षे झाली, मूलबाळ नाही. ताईसाठी त्यांचा निरोप आमच्याकडे डिसेंबरातच आला होता. तेव्हाच्या पत्रात मी तो लिहिला नाही, कारण त्यात तुमचे काही नव्हते. माणूस सरळ आहे. बोलायला लाजतो. बोलायला लाजतो म्हणून दर बाजाराच्या दिवशी आमच्या किराणा दुकानात येतो आणि गूळ घेऊन जातो. ईटला गुळाची दोन दुकाने असताना. एकदा तो गेल्यावर ताई आतून म्हणाली, "शिवा, किती गूळ खातोय रं ह्यो मानूस?" आणि हसली. याआधी मी तिला हसताना पाहिले त्याला किती वर्षे झाली ते तुम्ही मला सांगा, कारण तुम्ही गेल्यापासूनचा हिशेब तुमच्याकडे असेल.

आपल्यात काडीमोड आहे आणि बाईचे दुसरे लग्न, उडकी, हीसुद्धा आहे. त्यात लाज नाही. म्हणून गेल्या सोमवारी आम्ही मठात पंच बसवले. आमचे चुलते शरणप्पाअप्पा वडीलधारे म्हणून मधे बसले. स्वामीजी होते. तुमच्या मातोश्री बेंबळीहून आल्या. त्यांना निरोप कोणी दिला ते माहीत नाही, पण त्या आल्या, आणि पदरात कॉफीच्या बिया बांधून आल्या. सर्वांसमोर गाठ सोडून त्यांनी त्या बिया सतरंजीवर ओतल्या.

"हे बगा," त्या म्हणाल्या. "माझं लेकरू समुंदराच्या पल्याडनं बायकूचं प्वाट भरतंय. टाकली म्हनताव कसं?"

अव्वा म्हणाली, "इरम्माबाई, ह्या बिया खात्यात काय वो?"

"खात न्हाईत. पितेत."

"मग पिऊन दावा की आत्ता."

लोक हसले. अप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "हसून भागत न्हाय. आपली रीत अशी हाय, नवरा परगावी असला आन् तिचं अन्नवस्त्र धाडीत असला, तर काडी मोडता येत न्हाय. त्यो काय धाडतो ते त्याचं त्यो बघंल. किमतीचं काहीतरी येतंय न्हवं घरात?"

मी म्हणालो, "अप्पा, यापुढे पार्सल आले की आम्ही परत पाठवतो."

"तर मग नवऱ्याचं अन्न बायकूनं लाथाडलं. दोष तिच्याकडं आला. मग तिला उडकी कशी लावायची?"

स्वामीजींनी डोळे मिटून मान हलवली. तुमची कॉफी गेली चार वर्षे तेच फुकट पितात.

म्हणजे तुमचे हे पाच रत्तल कशासाठी येतात ते मला त्या दिवशी कळले. पोट भरण्यासाठी नाही. दोन पार्सलांच्या मधे फार दिवस गेले की लोक बोलू लागतात, आणि लोक बोलू लागले की पुढचे पार्सल येते. तुम्हांस तिथे एक घर आहे आणि तुमच्या मातोश्रींना सुगीला एक फुकटची पातकरीण आहे. दोन्ही पाच रत्तलांत.

घरी आल्यावर ताई मला म्हणाली, "शिवा, दर खेपंला तू नाक्यावर जकात भरतूस कशाला? भरली न्हाईस तर ते पुढं येनारच न्हाय."

मी म्हणालो, "ताई, नेम आहे. आलेला माल सोडवावा लागतो."

ती म्हणाली, "नेम तू पाळतूस आन् सासुरवास मी काढते."

म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

तर आता एक करा. कागदावर दोन ओळी लिहा की, महानंदास मी सोडले, तिने वाटेल तिथे नांदावे. खाली सही करा. कागदाला वजन नाही, दोन ओळींना दर नाही, मुंबईत कोणी अडवणार नाही. एवढे एक काम तुम्हांस जमते का ते पाहू.

शिवशरण


वाशी
ता. ९ ऑगस्ट १९४६

मल्लिनाथ यांस,

दोन ओळी मागितल्या होत्या. तुम्ही दोन पाने लिहिली. त्यांत मी काल जन्मलेला पोर आहे, बंडप्पा तेलकट माणूस आहे, आणि 'आमच्या घराण्यात बायको सोडत नाहीत' असे आहे. हे शेवटचे खरे आहे. तुम्ही सोडत नाही. विसरता.

त्याच पत्रात पुढे आपण आनंदाने कळवता की, नव्या जकातीवर आता पक्का तोडगा सापडला. तुमच्या पेढीवर गोऱ्या साहेबाने सांगितले की, व्यापाऱ्यास पाहण्यासाठी पाठवलेल्या नमुन्यास जकात नाही, मात्र त्यावर 'किंमत काही नाही' असे लिहिले पाहिजे. 'मी तसे दोन भाषांत लिहून सही केली आहे. आता बघतो तुझा अमीन काय करतो,' असे तुम्ही लिहिता. अमीनाने काय केले ते कळवण्यासाठीच हे पत्र आहे.

पार्सल आले ते ताईच्या नावाने. आता असा नेम झाला आहे की, परदेशी माल ज्याच्या नावाचा त्याने स्वतः नाक्यावर हजर राहून सोडवावा. भावाची सही चालत नाही. म्हणून ताईस घेऊन मी बिराप्पाच्या गाडीतून गेलो. शरणप्पाअप्पांना त्या दिवशी बार्शीस सरकीचे काम होते, ते आमच्याच गाडीत बसले. नाक्यावर पोचलो तर पुढे तुमच्या मातोश्री हजर. तुम्ही त्यांनाही लिहिले होते ना, की आता एक पैही पडणार नाही, सुनेने पार्सल मुकाट्याने घेतले पाहिजे? ते त्यांनी आम्ही गाडीतून उतरायच्या आत सगळ्या नाक्यास ऐकवले.

अमीनसाहेबांनी पार्सल पुढे ठेवले. चष्मा लावून वरचे वाचले. मग ताईकडे न पाहता, बाईमाणसाशी बोलताना ते जसे बोलतात तसे जमिनीकडे पाहून विचारले, "बीबी, ये किसने भेजा?"

तुमच्या मातोश्री मधेच म्हणाल्या, "तिच्या नवऱ्यानं. तिच्या पोटासाठी."

"पेट के वास्ते है तो माल है. माल है तो महसूल लगेगा. मगर भेजनेवाले ने लिखा है, नमूना, कीमत कुछ नहीं. दोनों सच कैसे होंगे, अम्माँ?" मग ते माझ्याकडे वळले. "तुम लिखो. तुम सच लिखते हो. ये खाविंद का माल है या बेकीमत नमूना?"

मी दौत उघडली. खरे सांगतो, माझा हात नेहमीचेच लिहिणार होता. पतीने पत्नीस पाठवलेली कॉफी. अक्षरे बोटांत बसलेली आहेत.

ताईने माझ्या हातावर हात ठेवला. ती अमीनसाहेबांना म्हणाली, "साहेब, लिवनाऱ्यानं किंमत न्हाय म्हनून सही करून लिवलंय न्हवं? मग तेच खरं धरा. त्याच्या परीस जास्त मला कसं ठावं असंल?"

"सही है," अमीनसाहेब म्हणाले आणि शिक्का उचलला. "बेकीमत. माफ."

शिक्का पडला. इरम्माबाई खूष झाल्या. "बगा," त्या अप्पांना म्हणाल्या, "माझ्या लेकराचं डोकं! एक पै बी पडली न्हाय. आता घे गं पार्सल. आन् चल, भुईमूग निंदायला झालाय."

अप्पा इतका वेळ गाडीच्या चाकाला टेकून उभे होते. ते पुढे आले आणि अमीनसाहेबांना म्हणाले, "साब, वो क्या लिखा है, जरा जोरसे पढ़ो."

अमीनसाहेबांनी पुन्हा वाचले. अप्पांनी विचारले, "हे त्यानं सरकारला लिहून दिलंय? सहीनिशी?"

"दस्तखत के साथ."

अप्पा इरम्माबाईंकडे वळले. "म्या पंचांत काय म्हनलं हुतं, इरम्मा? किमतीचं काहीतरी घरात येतंय म्हनून काडी मोडता येत न्हाय. आन् तुझ्या लेकानं सरकारला लिहून दिलंय की ह्याची किंमत काय बी न्हाय. आदीची पार्सलं बी असलीच आसतील. ज्याची धाडनाराच किंमत न्हाय म्हनतो, ते बायकूचं अन्न कसं?"

"अवो, ते जकातीपुरतं लिवलंय!" तुमच्या मातोश्री ओरडल्या. "जकातीपुरतं खोटं लिवलंय त्यानं!"

हे त्या करोडगिरीच्या नाक्यावर, अमीनाच्या समोर म्हणाल्या. अमीनसाहेबांनी शिक्का हातातच धरून विचारले, "क्या बोली अम्माँ? झूठ लिखा है? तो फिर जुर्माना होगा. पिछले सब पार्सलों का भी देखना पड़ेगा. किससे लूँ, आपसे?"

इरम्माबाई पदर सावरत पार्सलापासून दोन पावले मागे सरकल्या. बिराप्पाने बैलांच्या पाठीवर हात फिरवत विचारले, "मग काय ठरलं अम्मा? पोराला किंमत हाय का न्हाय?"

अप्पांनी त्याच्या गाडीतल्या कडब्यातून एक काड ओढले. ताईला समोर उभे केले. विचारले, "पोरी, मनापासनं?" ती "व्हय" म्हणाली. अप्पांनी काड मोडले, एक तुकडा तिच्या मागे टाकला आणि एक इरम्माबाईंच्या पुढे टाकला. म्हणाले, घरी जाऊन पंचांना सांगतो, स्वामीजींची सही घेतो, पण मोडली ती इथंच.

अमीनसाहेबांनी शिपायास हळूच विचारले, "ये क्या हो रहा है? इस पर कोई महसूल है?" शिपाई म्हणाला, नाही साहेब, यावर नाही.

मग पार्सलाचे काय करायचे, असा प्रश्न आला. इरम्माबाईंनी हात पुढे केला नाही. दंडाचे ऐकल्यापासून त्या पार्सलाकडे बघतही नव्हत्या. ताई म्हणाली, शिपायांना द्या. शिपायांनी ती कॉफी हरभऱ्यासारखी पाण्यात उकडली, मीठ घातले, चावून पाहिली, आणि नाक्यामागे फेकून दिली. तुम्ही सात वर्षांत पाठवलेल्यांपैकी हे एकच पार्सल ज्यासाठी पाठवले होते त्यासाठी, म्हणजे पोटासाठी, कोणी वापरून पाहिले.

तुम्ही मला विचारले होते, अमीन काय करतो बघतो. त्याने काही केले नाही. त्याने फक्त तुमच्यावर विश्वास ठेवला. इकडे हे कोणी प्रथमच केले.

शिवशरण


वाशी
ता. ११ नोव्हेंबर १९४६

मल्लिनाथ यांस,

चार पाने पोचली. सात वर्षांतले तुमचे सर्वांत लांब पत्र हेच. पहिल्या पानावर बायको परत मागितली आहे, दुसऱ्यावर पंचांना कोर्टात खेचण्याची धमकी आहे, तिसऱ्यावर कॉफीची किंमत मागितली आहे. चौथ्यावर मला पुढच्या खेपेस किती रत्तल हवेत ते विचारले आहे.

कोर्टाविषयी भूमच्या वकीलसाहेबांचे मत घेतले. ते म्हणाले, "येऊ दे. आधी त्याला विचारू, तू सरकारला खोटं लिहून दिलंस की पंचांना खोटं सांगत होतास. एकच निवडायला सांगू." आणि माझ्याकडून काही घेतले नाही.

दसऱ्यानंतर ताईची उडकी मठात झाली. उडकीला वाजंत्री नसते, वरात नसते. बंडप्पांनी बांगड्या भरल्या, लुगडे दिले, स्वामीजींनी विभूती लावली, संध्याकाळच्या आत गाडी ईटला गेली. ईटच्या बायकांनी वेशीवर गाडी अडवून बंडप्पांना विचारले, गूळ आणला का. सगळ्या गावाला ठाऊक होते, फक्त आम्हांला वाटत होते की ते गुपित आहे.

तुमच्या मातोश्रींचा निरोप होता की, यंदा सुगीला माणूस नाही. मी उलट निरोप धाडला की, मोंबासाची सून मागवावी. तिला भरतकाम येते, विळा धरायला फार वेळ लागणार नाही.

कॉफी आता मी सोलापूरच्या पेढीकडून मागवतो. म्हैसूरकडची असते. मुंबईच्या बंदराशी संबंध नाही, फक्त नाक्यावर एकदा करोडगिरी भरतो, आणि तिचाही दर दिवाळीनंतर पुन्हा बदलला. तरी भाव सांगता येतो. इंजिनीयरसाहेब परत आले. वकीलसाहेबही आले, पण गाळणी आधी उजेडात धरून बघतात. स्वामीजींनाही आता पैसे पडतात, म्हणून त्यांनी कॉफी सोडली. आरोग्यास बाधते असे म्हणतात. तुमच्याकडून मला एक दाणाही नको.

हे पत्र लिहिण्यापूर्वी ईटला जाऊन आलो. ताई अंगणात शेंगा निवडत बसली होती. बंडप्पा दुकानातून आले, माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि लाजून आत गेले. मी ताईस म्हणालो, आफ्रिकेला शेवटचे पत्र घालतो आहे, तुला काही कळवायचे आहे का.

नवऱ्याचे नाव बायको घेत नाही. लग्न झाल्यापासून तिने तुमचे नाव एकदाही उच्चारले नव्हते. देवळात नाही, भांडणात नाही, तापात बरळतानाही नाही. परवा तिने वर न बघता, गल्लीतल्या कुणाविषयी विचारावे तसे मला विचारले,

"कुनाला? मल्लिनाथला व्हय?"

आणि पुढची शेंग फोडली.

शिवशरण